डिजिटल सिने-कॅमेऱ्याचे नूतनीकरण आणि चित्रपटाची दृश्यभाषा : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

चित्रपट ही यंत्राधिष्ठित कला आहे, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. कवीची लेखणी बदलली म्हणून त्याची कविता बदलली असे आपण म्हणत नाही. चित्रकाराने रंगाचे माध्यम बदलले तर मात्र त्याच्या चित्रात फरक पडतो, हे आपण मान्य करतो. चित्रपटाच्या कॅमेऱ्याला लेखणी समजायचे की रंगमाध्यम, हा प्रश्न कॅमेरा बदलण्याची वेळ येते तेव्हा प्रकर्षाने समोर येतो. इतर वेळी तो दृष्टीआडच राहतो.

गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत चित्रपटसृष्टीने हा बदल अनेकदा अनुभवला. प्रथम फिल्मकडून डिजिटलकडे आणि त्यानंतर एका डिजिटल कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे असा हा प्रवास झाला. त्याविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांवर विभागलेले दिसते. एका टोकाला पिक्सेल, बिट आणि स्टॉप यांची आकडेवारी आहे, तर दुसऱ्या टोकाला फिल्मच्या अस्तंगत सौंदर्याविषयीचा हळवा सूर आहे. या दोन्हींतून एक प्रश्न निसटतो. नवा कॅमेरा आल्यामुळे पडद्यावर पूर्वी दिसू शकत नव्हते असे काय दिसू लागले आणि त्याचा कलाकृतीच्या आशयाशी कोणता संबंध आहे? प्रस्तुत लेखात काही निवडक चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

‘नूतनीकरण’ या संज्ञेची चिकित्सा

‘नूतनीकरण’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. जुने ते अपुरे आणि नवे ते त्या अपुरेपणाची भरपाई, असे ते गृहीतक होय. एखादे यंत्र तेच काम अधिक वेगाने करीत असेल तर हे गृहीतक योग्य ठरते. कलेच्या साधनाबाबत मात्र ‘तेच काम’ म्हणजे काय, हेच आधी ठरवावे लागते. या दृष्टीने पाहता कॅमेऱ्याच्या नूतनीकरणाचे किमान तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार प्रतिस्थापनाचा. यात जुन्या साधनाने साधलेला परिणाम नव्या साधनाने अधिक सोयीने साधला जातो. दुसरा प्रकार शोधाचा. यात नव्या साधनामुळे जगाचा एखादा अदृश्य भाग दृश्य होतो. तिसरा प्रकार सान्निध्याचा. यात चित्रविषय आणि कॅमेरा यांच्यातील अंतर बदलते. हे तीन प्रकार परस्परांपासून काटेकोरपणे वेगळे करता येत नाहीत, हे मान्य करूनही विवेचनाच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त आहे.

प्रतिस्थापन : ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ हा चित्रपट मे २००२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण सोनीच्या एचडीडब्ल्यू-एफ९०० या कॅमेऱ्यावर, सेकंदाला २४ चौकटी या गतीने करण्यात आले. सर्वस्वी डिजिटल चित्रीकरणाचा पहिला मान त्याला सर्रास दिला जात असला, तरी याच जातीच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘विदॉक’ हा फ्रेंच चित्रपट २००१ मध्येच प्रदर्शित झाला होता. परंतु क्रमाच्या वादापेक्षा येथे हेतूचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

लुकास यांना हवी होती ती कार्यपद्धतीची सोय. चित्रपटातील बहुतांश दृश्यांमध्ये संगणकनिर्मित प्रतिमांचा वापर होणार असल्याने, फिल्मवर चित्रित करून नंतर ती स्कॅन करण्याचा टप्पा त्यांना अनावश्यक वाटला. मात्र या कॅमेऱ्याच्या मर्यादा लहान नव्हत्या. त्याचा सेन्सर दोन-तृतीयांश इंची, म्हणजे रुंदीला साधारण ९.६ मिलिमीटर होता. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीची रुंदी याच्या अडीच पट भरते. त्यामुळे पार्श्वभूमी हलकेच धूसर करून पात्राला उठाव देण्याची जी सवय फिल्मने प्रेक्षकाच्या डोळ्यांना लावली होती, ती येथे सहज साधत नव्हती. शिवाय टेपवर नोंदविली जाणारी प्रतिमा १४४० गुणिले १०८० बिंदूंची असे.

यातून निर्माण झालेली प्रतिमा फिल्मसारखी दिसावी अशी अपेक्षा ठेवते आणि नेमकी त्याच कसोटीवर उणी पडते. साधन नवे असले तरी दृष्टी जुनीच आहे. येथे या चित्रपटाच्या औद्योगिक महत्त्वाला कमी लेखण्याचा हेतू नाही. एवढ्या मोठ्या निर्मितीने फिल्मचा त्याग केल्यामुळे पुढच्या कॅमेऱ्यांचा मार्ग प्रशस्त झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु औद्योगिक इतिहासातील महत्त्व आणि दृश्यभाषेतील महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

शोध : ‘कोलॅटरल’मधील रात्र

यानंतर दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, मायकेल मान यांचा ‘कोलॅटरल’ प्रदर्शित झाला. डिऑन बीब आणि पॉल कॅमेरॉन हे त्याचे छायालेखक. भाडोत्री मारेकरी व्हिन्सेंट आणि टॅक्सीचालक मॅक्स यांच्या लॉस एंजेलिसमधील एका रात्रीची ही कथा आहे. चित्रपटाचा मोठा भाग थॉमसन कंपनीच्या वायपर आणि सोनीच्या एफ९०० या कॅमेऱ्यांवर चित्रित झाला, तर काही दृश्यांसाठी ३५ मिमी फिल्म वापरली गेली. या दुसऱ्या कॅमेऱ्याचे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. लुकास यांच्या हाती फिल्मची जागा भरून काढणारे जे यंत्र होते, तेच मान यांच्या हाती फिल्मला न दिसणारी गोष्ट पाहू लागले.

ती गोष्ट म्हणजे शहरी रात्रीचे आकाश. फिल्मवर रात्र चित्रित करताना दिव्यांची स्वतंत्र योजना करावी लागे. त्या दिव्यांच्या कक्षेपलीकडे उरे तो काळोख. प्रत्यक्षात महानगराची रात्र काळी नसते. सोडियमच्या पथदिव्यांचा पिवळसर-नारिंगी प्रकाश ढगांवर आणि धुक्यावर परावर्तित होऊन आकाशाला एक मळकट उजेड देतो. मान यांनी कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून तो उजेड टिपला. त्या बदल्यात प्रतिमेत कणकण उमटले, ज्याला तंत्रज्ञ ‘नॉइज’ म्हणतात. ते त्यांनी स्वीकारले.

या तांत्रिक निर्णयाचा आशयाशी असलेला संबंध एका दृश्यात विशेष स्पष्ट होतो. मध्यरात्री टॅक्सी थांबते आणि समोरून एक कोयोट, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचा वन्य प्राणी, निवांतपणे रस्ता ओलांडतो. दोन्ही पात्रे काही क्षण काहीच बोलत नाहीत. कथानकाच्या दृष्टीने हे दृश्य गाळले तरी काही बिघडत नाही. पण या शहरात माणूस आणि श्वापद एकाच उजेडात वावरतात, हे चित्रपटाचे मध्यवर्ती सूत्र त्यात प्रकट होते. प्राण्यावर दिव्याचा झोत टाकून हेच दृश्य चित्रित केले असते, तर तो प्राणी रंगमंचावरचे पात्र झाला असता. येथे तो शहराच्या रात्रीचाच एक अंश वाटतो. म्हणूनच अखेरीस मेट्रोच्या डब्यात घडणारा व्हिन्सेंटचा मृत्यू प्रेक्षकाला अनपेक्षित वाटत नाही. ज्या उजेडात सारे काही दिसते पण कोणी कोणाकडे पाहत नाही, अशा उजेडाची सवय चित्रपटाने आपल्याला आधीच लावलेली असते.

या संदर्भात आणखी एक वस्तुस्थिती उल्लेखनीय आहे. लॉस एंजेलिस महानगराने २००९ पासून सोडियमचे पथदिवे काढून पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ‘कोलॅटरल’मधील आकाशाचा रंग त्या शहरात आता पूर्वीसारखा उरलेला नाही. कॅमेऱ्याच्या एका नूतनीकरणाने जी रात्र प्रथमच दृश्यमान केली, ती दिव्यांच्या दुसऱ्या नूतनीकरणाने पुसली. या दोहोंमधल्या अल्प अवकाशात हा चित्रपट उभा आहे. त्यामुळे त्याला अजाणता दस्तऐवजाचे मूल्य प्राप्त झाले आहे.

शोधाचा हा मार्ग प्रत्येक वेळी निर्विवाद ठरतो असे मात्र नाही. मान यांनी ‘पब्लिक एनिमीज’ (२००९) या चित्रपटासाठी सोनीचा एफ२३ हा कॅमेरा वापरला. विषय होता १९३० च्या दशकातील दरोडेखोर जॉन डिलिंजर. भूतकाळ म्हणजे मंद रंग आणि मऊ कडा असा जो संकेत चित्रपटाने रूढ केला आहे, त्याला या कॅमेऱ्याच्या धारदार प्रतिमेने छेद दिला. अनेकांना ती प्रतिमा दूरचित्रवाणीवरील वार्तांकनासारखी वाटून खटकली. प्रस्तुत लेखकाच्या मते हे खटकणे अर्थपूर्ण आहे. डिलिंजरला त्याचा काळ ‘जुना’ दिसत नव्हता, याचे भान ती प्रतिमा देते. तथापि सबंध चित्रपटभर हे भान आशयाशी एकजीव झाले आहे असे म्हणता येत नाही. काही प्रसंगांत ते केवळ पृष्ठभागावर राहते.

सान्निध्य : ‘स्लमडॉग मिलेनिअर’ आणि मुंबईच्या गल्ल्या

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. डॅनी बॉइल दिग्दर्शित ‘स्लमडॉग मिलेनिअर’ (२००८) या चित्रपटाचे छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी १९९८ मध्ये ‘फेस्टेन’ हा डॅनिश चित्रपट हातात मावणाऱ्या घरगुती डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला होता. मुंबईतील चित्रीकरणाच्या बऱ्याच भागासाठी त्यांनी एसआय-२के हा लहान कॅमेरा निवडला. त्याचा मुख्य भाग हातात धरता येई आणि नोंदणीची यंत्रणा पाठीवरच्या पिशवीत वाहता येई. काही भागासाठी फिल्मही वापरली गेली. २००९ च्या ऑस्कर सोहळ्यात या चित्रपटाला छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. मुख्यत्वे डिजिटल चित्रीकरण असलेल्या चित्रपटाला तो प्रथमच मिळत होता.

वस्तीतील अरुंद बोळांतून पळणाऱ्या मुलांच्या उंचीवरून, त्यांच्याच वेगाने कॅमेरा धावतो तेव्हा प्रेक्षकाला त्या जागेचा एक शारीरिक अनुभव येतो, यात शंका नाही. परंतु समीक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे की, जवळ जाणे म्हणजे समजून घेणे असते काय? ‘स्लमडॉग’मधील वेग वस्तीला एक दृश्यखेळ बनवितो. त्या वेगात कोणत्याही चेहऱ्यावर, कोणत्याही कामावर नजर फार वेळ ठरत नाही. तुलनेसाठी मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) घ्यावा. सँडी सिसेल यांनी तो ३५ मिमी फिल्मवर, याच शहराच्या रस्त्यांवर चित्रित केला. तो कॅमेरा अधिक जड होता आणि फिल्म खर्चिक होती. तरीही चहाचे पेले वाहून नेणाऱ्या मुलाचे श्रम आणि त्याचे एकटेपण त्या चित्रपटात अधिक स्थिरपणे पाहावयास मिळते. यावरून असे म्हणता येईल की, कॅमेऱ्याच्या आकाराने शारीरिक अंतर कमी होते. नैतिक अंतर मात्र दिग्दर्शकाच्या दृष्टीनेच कमी होऊ शकते.

आकडे आणि प्रतिमा : ॲलेक्साचा काळ

२००७ मध्ये रेड वन हा ४के क्षमतेचा कॅमेरा बाजारात आला आणि पिक्सेलसंख्येची स्पर्धा सुरू झाली. १९२० गुणिले १०८० या प्रतिमेत सुमारे २१ लाख बिंदू असतात. ८के म्हणजे ७६८० गुणिले ४३२० या प्रतिमेत ते सुमारे ३ कोटी ३२ लाख, म्हणजे बरोबर १६ पट होतात. या हिशेबाने पाहिल्यास २०१० मध्ये आलेला ॲरी कंपनीचा ॲलेक्सा हा स्पर्धेत मागे पडलेला कॅमेरा होता. त्याची क्षमता तीन ‘के’च्या आसपासच होती. तरीही पुढील दशकात अनेक मान्यवर छायालेखकांनी त्यालाच पसंती दिली. प्रकाश आणि छाया यांच्या टोकांमधील सुमारे १४ स्टॉपचा पल्ला आणि त्वचेच्या रंगाची सहज हाताळणी ही त्यामागील प्रमुख कारणे होती. येथे एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट हे ध्यानात घेतले, म्हणजे या पल्ल्याचे महत्त्व कळते.

याच कॅमेऱ्याला पुढे नेटफ्लिक्सने आपल्या स्वतःच्या निर्मितीसाठी मान्य केलेल्या यादीत स्थान दिले नाही, कारण तेथे ४के ही किमान अट होती. ज्या कॅमेऱ्यावर ‘स्कायफॉल’ (२०१२) चित्रित झाला, तो नियमानुसार अपात्र ठरला! कॅमेरा निवडण्याचा अधिकार छायालेखकाच्या डोळ्याकडून तक्त्यातील रकान्याकडे कसा सरकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. ॲरीने २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचा ॲलेक्सा एलएफ आणि २०२२ मध्ये नव्या सेन्सरचा ॲलेक्सा ३५ सादर केला. या दुसऱ्या कॅमेऱ्याबाबत कंपनी १७ स्टॉपचा दावा करते. जुन्या १४ स्टॉपशी तुलना करता हा पल्ला ८ पट होतो.

आता ‘स्कायफॉल’मधील एक प्रसंग ‘कोलॅटरल’शेजारी ठेवून पाहू. रॉजर डीकिन्स यांनी चित्रित केलेल्या शांघायमधील प्रसंगात एका गगनचुंबी इमारतीच्या काचांमध्ये दोन मनुष्याकृती झुंजतात आणि मागे जाहिरातींचे रंगीत प्रकाश तरंगतात. ‘कोलॅटरल’च्या उत्तरार्धातही वीज गेलेल्या कार्यालयात, काचेपलीकडच्या शहराच्या उजेडावर मारेकऱ्याची आकृती सरकते. रचना जवळजवळ तीच आहे, पण अनुभव भिन्न आहे. ‘स्कायफॉल’मधील काळा रंग निर्मळ आहे आणि प्रत्येक रंगछटा योजलेली आहे. तो प्रसंग स्टुडिओत, प्रकाशमान पडद्यांच्या साहाय्याने उभा केलेला होता. ‘कोलॅटरल’मधील काळोख मात्र कणीदार आणि अस्थिर आहे. त्यात डोळ्याला शोधावे लागते, आणि पात्रांनाही तेच करावे लागते.

केवळ गुणवत्तेच्या मोजपट्टीने आठ वर्षांत प्रगती झाली हे उघड आहे. परंतु या प्रगतीने ‘कोलॅटरल’मधील दृश्य कालबाह्य ठरत नाही. जुन्या कॅमेऱ्याचा उणेपणा तेथे भयाचे साधन झाला होता. नव्या कॅमेऱ्याची निर्मळता डीकिन्स यांच्याकडे हिंसेला नृत्याचे रूप देण्याचे साधन झाली. दोन्ही ठिकाणी दिग्दर्शक व छायालेखक यांनी आपल्या कॅमेऱ्याचा स्वभाव ओळखला होता, हे त्यांच्या यशाचे समान कारण आहे.

याची उलट बाजू डेव्हिड लिंच यांच्या ‘इनलँड एम्पायर’ (२००६) मध्ये दिसते. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) हा चित्रपट फिल्मवर करणाऱ्या या दिग्दर्शकाने त्यानंतर सोनीचा पीडी१५० हा साधा, हाय-डेफिनिशनही नसलेला कॅमेरा हाती घेतला. प्रचलित अर्थाने हे अवमूल्यन होते. परंतु चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेल्या त्या कॅमेऱ्याची विरघळणारी प्रतिमा आणि नायिकेची विरघळणारी ओळख यांचा मेळ पाहता, लिंच यांच्यासाठी ते नूतनीकरणच होते असे म्हणावे लागते. २०२३ च्या ‘ओपनहायमर’साठी मोठ्या आकाराच्या फिल्मकडे वळणे हेही याच न्यायाने पाहता येईल.

शैक्षणिक संदर्भ

हा विचार प्रस्तुत लेखकाला केवळ सैद्धांतिक कुतूहलातून सुचलेला नाही. महाविद्यालयात दृकश्राव्य माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी नवा कॅमेरा घेण्याचा प्रस्ताव तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. दरपत्रके मागविली गेली, तुलनात्मक तक्ता तयार झाला. तक्त्यात किंमत, रिझोल्यूशन, साठवणक्षमता आणि हमीचा कालावधी असे रकाने होते. समर्थनाच्या जागी ‘अद्ययावत’ हा शब्द लेखकानेच लिहिला होता.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने आपला लघुपट दाखविला. विभागातील जुन्या कॅमेऱ्यावर तिने रात्रीचे एस.टी. स्थानक चित्रित केले होते. शेवटची गाडी चुकलेली एक वृद्ध स्त्री बाकावर बसलेली आहे आणि प्रतिमा कणांनी भरलेली आहे. नवा कॅमेरा आला की हे दोष जातील ना, असे तिने विचारले. लेखकाने होकार दिला. पण नंतर तो लघुपट पुन्हा पाहताना जाणवले की, त्या कणांच्या आड त्या स्त्रीचा चेहरा पूर्णपणे दिसत नाही, आणि म्हणूनच आपण तिच्याकडे इतका वेळ पाहत राहतो. विद्यार्थिनीने हे हेतुपूर्वक केले नव्हते. परंतु ते तिला दाखवून देणे हे अध्यापकाचे काम होते, आणि त्या दिवशी ते झाले नाही. पुढच्या तासिकेला तो लघुपट पुन्हा लावून त्यावर चर्चा घेतली. प्रस्ताव मागे घेतला नाही, कारण जुना कॅमेरा खरोखरच जीर्ण झाला होता. मात्र समर्थनाच्या रकान्यातील शब्द बदलला आणि विद्यार्थ्यांना कमी प्रकाशात, ध्वनिग्राहकासह, एकट्याने हाताळता येईल असा कॅमेरा हवा, असे स्पष्ट लिहिले. त्यामुळे सर्वाधिक पिक्सेलचा कॅमेरा यादीत खाली गेला.

या निमित्ताने आपल्या परंपरेतील दोन घटनांचे स्मरण उचित ठरेल. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांना काय दाखवायचे आहे हे कॅमेऱ्याच्या आधी ठरलेले होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर १९१८ च्या सुमारास आपला कॅमेरा स्वतःच घडविला. दोघांच्याही बाबतीत गरज आधी होती आणि यंत्र नंतर आले. आज हा क्रम उलट होण्याचा धोका आहे. यंत्र आधी येते, आणि त्याला साजेशी गरज मागाहून शोधावी लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कॅमेऱ्याचे नूतनीकरण ही आपोआप सौंदर्यात्मक प्रगती ठरत नाही. एकाच कॅमेऱ्यातून लुकास यांनी प्रतिस्थापन साधले आणि मान यांनी शोध.

२. तांत्रिक दोष आणि सौंदर्यमूल्य यांचे नाते स्थिर नसते. एका कलाकृतीतील उणीव दुसऱ्या कलाकृतीत अर्थवाहक होऊ शकते. मात्र त्यासाठी साधनाच्या स्वभावाची जाण आवश्यक असते.

३. साधनाच्या सुलभतेमुळे लाभणारे सान्निध्य आणि विषयाचे आकलन या भिन्न गोष्टी आहेत. समीक्षेने त्यांची गल्लत करू नये.

४. आकडेवारी ही निवडीची एक कसोटी आहे, एकमेव नव्हे. संस्थात्मक नियमांनी तिला एकमेव कसोटी बनविल्यास सक्षम साधनही अपात्र ठरू शकते.

सारांश, नवा कॅमेरा घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आपल्याला काय पाहावयाचे आहे आणि ते आजवर का दिसले नाही, याचा शोध घेतल्यावरच ते मिळू शकेल. चित्रपटाच्या अध्यापनात हा शोध खरेदीच्या आधी यावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.